आपुलाचि वाद आपणासी: झाडांमध्ये गेल्यावर विखुरलेलं मन एकत्र येतं ते कसं

वृक्षारोपणाच्या फलकावर, शाळेच्या भिंतीवर, वनखात्याच्या कमानीवर तुकोबांचा एक चरण हमखास असतो: 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें'. पाच जूनची भाषणं तर त्याशिवाय सुरूच होत नाहीत. त्याच अभंगाचा शेवट मात्र फलकावर रंगवलेला माझ्या पाहण्यात नाही. तो असा: 'तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणासी'. पहिल्या चरणावर थांबलं तर हा अभंग झाडापाखरांचा वाटतो. शेवटपर्यंत गेलं की कळतं, माणूस झाडांत जाऊन बसलाय आणि तिथे स्वतःशीच वाद घालतोय.

तुकोबा डोंगरावर हवापालटाला गेले नव्हते. १६३० च्या सुमाराला दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. त्यात पैसा आटला, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत गेली. हे त्यांनी स्वतःच एका अभंगात सांगून ठेवलंय. देहूच्या आसपासचे भामचंद्र, भंडारा, घोरवडेश्वर हे डोंगर परंपरेने त्यांच्या नावाशी जोडले ते या पडझडीनंतरच्या काळासाठी. आतून पार विस्कटलेला माणूस तिथे जात होता.

'निसर्गाशी एकरूप व्हा' हा सल्ला आज रिसॉर्टच्या जाहिरातीपासून सकाळच्या व्हॉट्सॲप संदेशापर्यंत सगळीकडून मिळतो. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत असते. एक, माणूस आणि बाहेरची सृष्टी यांच्यातलं अंतर मिटणं. दुसरी, माणसाचे आतल्या आत जे दहा तुकडे झालेले असतात ते एका जागी येणं. आपल्याला बहुतेक वेळा हवी असते ती दुसरी. त्यासाठी पहिली गाठलीच पाहिजे असं मला वाटत नाही. उलट झाड आपल्याहून वेगळं असतं, म्हणूनच त्याच्याजवळ आपण एकसंध होतो असं माझं म्हणणं आहे. ते पटवून द्यायचं तर आधी मन विखुरतं कसं हे पाहावं लागेल.

थकतं ते नेमकं काय

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये लक्षाचे दोन प्रकार सांगितले होते. एक आपोआप लागणारं: मोठा आवाज झाला, काही चमकलं, एखादा प्राणी पळाला की जातं ते. दुसरं मुद्दाम लावावं लागणारं: जीएसटीचं रिटर्न, दहावीचं गणित, सोमवारचं प्रेझेंटेशन. जवळजवळ शंभर वर्षांनी मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने हा धागा पुढे नेला. मुद्दाम लावलेलं लक्ष थकतं, असं त्यांचं म्हणणं. का थकतं? कारण एका गोष्टीकडे लक्ष देणं म्हणजे त्याच वेळी बाकीच्या पन्नास गोष्टी दाबून धरणं. समोर हिशेब उघडलेला आहे. फोन थरथरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून भांडण पेटलंय, आईची औषधं आणायची आहेत, शेजारच्या टेबलावरचं बोलणं कानावर पडतंय. काम हिशेबाचं दिसतं, दमछाक दाबण्याची होते.

ही ताकद संपली की काय होतं ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे. चिडचिड होते. वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते. भाजी कुठली करायची एवढं ठरवणंही नको होतं. त्याहून वाईट म्हणजे आपल्या आतली वेगवेगळी माणसं एकमेकांना विचारेनाशी होतात. ऑफिसातला मी शनिवारी येतो म्हणून कबूल करून बसतो. घरातल्या मीने तोच शनिवार मुलांना देऊन टाकलेला असतो. आणि रात्री दोनला जागा असलेला तिसराच कोणी या दोघांवर डाफरत असतो. या सगळ्यांना एकत्र बसवून काही ठरवणारं जे कोणी आत असतं, नेमकं तेच थकून गेलेलं असतं. विखुरलेपण म्हणजे माझ्या मते एवढंच. त्यात गूढ असं काही नाही.

मग विश्रांती म्हणून आपण रील्स पाहतो. इथे कॅप्लन दांपत्याने केलेला भेद फार कामाचा आहे. लक्ष आपोआप ओढून घेणाऱ्या गोष्टींतही दोन जाती असतात. आयपीएलचा सामना, मारधाडीचा सिनेमा, अंगठ्याने सरकवत नेलेली रील्स लक्ष अख्खं गिळतात. आत दुसऱ्या कशाला जागा ठेवत नाहीत. पानांची सळसळ, सरकणारे ढग, ओढ्याचं पाणी, मुंग्यांची रांग लक्ष ओढतात पण धरून ठेवत नाहीत. बघता बघता मन कुठेतरी जाऊन परत येऊ शकतं. दाबून धरायचं काम थांबतं, तरी कंटाळा येत नाही. एवढ्या मोकळिकीत थकलेली ताकद भरून येते, असा त्यांचा सिद्धांत.

तो तपासूनही पाहिला गेला. मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मिशिगनमधल्या ॲन आर्बर शहरात त्यांनी विद्यार्थ्यांना पाऊण-एक तास चालायला पाठवलं, एकदा झाडांच्या मोठ्या उद्यानात आणि एकदा शहरातल्या वर्दळीच्या रस्त्यांवरून. चालण्याआधी आणि नंतर साधी चाचणी: ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने म्हणून दाखवायचे. उद्यानातून आल्यावर ते चांगले जमायला लागले, रस्त्यावरून आल्यावर तेवढा फरक पडला नाही. यातला मला सगळ्यात आवडलेला भाग पुढचा आहे. काहींना हे चालणं जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत करावं लागलं. उन्हाळ्यात चाललेल्यांइतकं ते त्यांना आवडलं नाही, फायदा मात्र तेवढाच झाला. म्हणजे मजा येणं आणि मन ताळ्यावर येणं या दोन निराळ्या गोष्टी. सहलीला गेल्यावर 'मजा आली का' असंच आपण विचारतो, दुसरं विचारतच नाही.

त्याच्याही आधी, १९८४ मध्ये, रॉजर उलरिच यांनी पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या होत्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. वय वगैरे जुळवून २३ जोड्या लावल्या. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत; आणि झाडवाल्यांना जोरकस वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. पण झाडाला हातही न लावता, नुसतं पलंगावर पडून बघण्याने फरक पडावा, ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

मग रिकाम्या खोलीत का नाही?

शंका येणारच. दाबून धरणं थांबवायचं एवढंच असेल तर दार लावून, फोन बंद करून खोलीत बसावं. डोंगर कशाला चढायचा?

टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये नेमकं हेच करून पाहिलं. लोकांना १५ मिनिटं एकटं खोलीत बसवलं. फोन नाही, पुस्तक नाही, फक्त स्वतःचे विचार. सोबतीला एक बटण. दाबलं की विजेचा सौम्य झटका बसणार. हा झटका सगळ्यांनी आधी अनुभवलेला होता आणि तो पुन्हा बसू नये म्हणून पैसे मोजायची तयारी दाखवलेल्या लोकांचेच आकडे पुढे धरले. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी त्या पंधरा मिनिटांत बटण दाबलं. एका महाभागाने १९० वेळा दाबलं. त्याला हिशेबातून वगळावं लागलं.

हसू येतं खरं, पण कारण गंभीर आहे. लक्ष मोकळं झालं की आतून पहिल्यांदा वर येतं ते नकोसंच. न फेडलेलं उसनं, न केलेला फोन, वडिलांना बोललेलं एक वाक्य. रिकाम्या खोलीत ते समोर येऊन बसतं आणि नजर वळवायला दुसरं काहीच नसतं. टेकडीवरही तेच वर येतं. फरक इतकाच की तिथे पायवाट बघायची असते, वारा लागत असतो, मध्येच एखादा बुलबुल ओरडतो. नकोशा विचाराला जाऊन भेटता येतं आणि जरा बाजूलाही होता येतं.

ग्रेगरी ब्रॅटमन यांच्या २०१५ मधल्या अभ्यासात याला पुष्टी मिळते. ३८ जण, ९० मिनिटांचं चालणं. निम्मे स्टॅनफर्ड विद्यापीठाजवळच्या गवताळ, तुरळक ओक असलेल्या टेकड्यांवरून चालले, निम्मे पालो आल्टोच्या वाहत्या हमरस्त्याच्या कडेने. टेकडीवरून आलेल्यांचं स्वतःविषयी तेच तेच उगाळत बसणं कमी झालं, असं त्यांच्या उत्तरांतून दिसलं. कपाळामागे खोलवर असलेल्या, उदासीशी आणि स्वतःला दोष देत राहण्याशी जोडलेल्या मेंदूच्या एका भागाची हालचालही मंदावली. रस्त्याकडेने गेलेल्यांत यातलं काही झालं नाही.

इथे मी एक पाऊल पुढे टाकतो. हे कुणी मोजलेलं नाही, माझं वाचन आहे. उगाळणं आणि वाद यांत फरक आहे. उगाळताना मनात एकच पक्षकार उभा राहतो आणि तीच फिर्याद पुन्हा पुन्हा वाचतो: तो मला सगळ्यांसमोर तसं बोललाच कसा. दुसऱ्या बाजूला तारीखच मिळत नाही. चढ चढून दम लागला, थांबलो, समोरच्या पळसाकडे उगाच बघत राहिलो की मग कुठून तरी दुसरा आवाज निघतो: अरे, पण त्याच्या आधी तू काय बोलला होतास? आता वाद सुरू झाला. तुकोबांनी शांतता मिळाली असं म्हटलेलंच नाही. वाद मिळाला म्हणाले. माणूस आतून एक होतो तो सगळे आवाज गप्प झाल्याने नव्हे, सगळ्यांना बोलायला मिळाल्याने.

त्याच अभंगात एक चरण मध्ये आहे, 'नाही गुण दोष अंगा येत'. तिथे कोणी वाखाणत नाही आणि नावंही ठेवत नाही. दिवाळं निघालेल्या वाण्याला गावात तोंड दाखवायची चोरी. डोंगरावरच्या करवंदीच्या जाळीला दिवाळ्याचं काही देणंघेणं नाही. आपल्यासाठीही तेच. झाडाला तुमचं पद माहीत नाही, पगार माहीत नाही, तुमचं लग्न मोडलं हेही माहीत नाही. कोणापुढे काही सिद्ध करायचं नसलं की भूमिका आपसूक गळून पडतात. झाड बोललं असतं, त्याने धीर दिला असता, तर ते आणखी एक माणूस झालं असतं, ज्याच्यापुढे आपल्याला नीट वागावं लागलं असतं.

पिसू, मगर आणि देवराई

आता पहिल्या प्रकारच्या एकरूपतेकडे, अंतर मिटण्याकडे. तिचा आधुनिक काळातला मोठा पुरस्कर्ता म्हणजे नॉर्वेचे तत्त्वज्ञ आर्ने नेस (१९१२–२००९). गिर्यारोहक माणूस. हालिंगस्कार्वेट डोंगरावर त्वेरगास्टाइन नावाची झोपडी त्यांनी तरुणपणीच बांधली आणि आयुष्याचा मोठा हिस्सा तिथे काढला. १९६९ मध्ये ऑस्लो विद्यापीठातलं प्राध्यापकपद सोडलं. 'डीप इकॉलॉजी', म्हणजे सृष्टीला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचं मोल आहे असं मानणारा विचार, ही संकल्पना त्यांची.

नेस यांनी सांगितलेला एक प्रसंग असा. ते सूक्ष्मदर्शकातून दोन रसायनं एकमेकांत मिसळताना बघत होते. इतक्यात लेमिंग या उंदरासारख्या प्राण्याच्या अंगावरून एक पिसू उडी मारून थेट त्या आम्लधर्मी रसायनांत पडली. वाचवणं शक्य नव्हतं. पिसू मरायला कित्येक मिनिटं लागली, आणि तिची तडफड बघताना नेस यांना तीव्र कणव वाटली. कणव कुठून आली? तर त्या पिसवेत त्यांना स्वतःचंच काहीतरी दिसलं. तसं दिसलं नसतं तर त्यांना काहीच वाटलं नसतं. यावरून ते म्हणतात, 'मी' ही ठरलेल्या मापाची गोष्ट नाही. लहान मुलाचा मी शरीराएवढा असतो, मग त्यात घरचे येतात, गाव येतं, आणि वाढू दिला तर नदी, डोंगर, पिसूही येते. मग जंगल राखणं हा त्याग राहत नाही.

मराठी माणसाला यात 'हें विश्वचि माझें घर' ऐकू येणारच, आणि ते अगदीच चुकीचं नाही. नेस गांधींचे अभ्यासक होते आणि त्यांच्या मांडणीत गीतेचा आधार उघडपणे येतो.

पण याला एक सणसणीत उत्तर मिळालं ते ऑस्ट्रेलियातून. व्हॅल प्लमवूड याही तत्त्वज्ञ, याही रानावनात राहणाऱ्या. फेब्रुवारी १९८५ मध्ये काकाडू राष्ट्रीय उद्यानात त्या एकट्याच लहान होडीतून जात असताना खाऱ्या पाण्यातल्या मगरीने त्यांना धरलं. शिकार बुडवण्यासाठी मगर तिला जबड्यात धरून पाण्यात गरागरा फिरवते. प्लमवूड यांना तिने तीनदा तसं फिरवलं. त्या सुटल्या, फाटलेला पाय ओढत तासन्‌तास सरपटल्या आणि वाचल्या. पुढे त्या मगरीला मारायला त्यांनी विरोध केला. मगरीच्या लेखी आपण तत्त्वज्ञ नव्हतो, मांस होतो, हे त्यांनी नंतर फार धारदारपणे लिहिलं.

नेस यांच्या विचारावर त्यांचा आक्षेप असा: सगळी सृष्टी म्हणजे माझाच मोठा झालेला 'मी', असं म्हटलं तर हा अहंकार विरघळण्याऐवजी फुगलेलाच नाही का? मग रानाला काय हवं हे ठरवणार कोण? मीच. नातं जुळायला दोघं लागतात, आणि दुसऱ्याला स्वतःत गिळून टाकलं तर नातं उरत नाही. मला प्लमवूड यांचं म्हणणं अधिक पटतं. पिसवेबद्दलची कणव खरीच आहे, पण ती वाटायला पिसू वेगळी असावी लागते.

आपल्याकडे हे देवराईने वेगळ्या मार्गाने साधलं होतं. कोकणात, मावळात, घाटमाथ्यावर गावाने राखलेली ही रानं. फांदी तोडायची नाही. कित्येक ठिकाणी पडलेलं लाकूडसुद्धा घरी न्यायचं नाही. तिथे कोणी 'हे रान आणि मी एक' असं म्हणत नाही. रान देवाचं, आणि देव कडक. चपला बाहेर काढायच्या, काम असलं तर जायचं, मुकाट बाहेर यायचं. अंतर राखून ठेवलेलं नातं पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. गंमत, म्हणजे दुःखाची गंमत, अशी की आता कित्येक देवरायांत देवावरची भक्ती वाढली, स्लॅब पडला, सभामंडप झाला, पेव्हर ब्लॉक आले आणि रान मागे सरकलं.

कोणाला, किती, कसं

हे सगळं वाचून शेतकऱ्याला 'तुम्ही नशीबवान, निसर्गातच राहता' असं सांगायला जाऊ नये. काढणीला आलेल्या सोयाबीनवर ढग येतात तेव्हा ते लक्ष अलगद ओढत नाहीत, गळा धरतात. ज्याचं पोट त्या आभाळावर आहे त्याला ते आभाळ विश्रांती देत नाही. त्याला विश्रांती कदाचित पारावर मिळत असेल. टेकडीचा गुण तिच्या हिरवेपणात जितका आहे तितकाच ती आपल्याकडून काही मागत नाही यातही आहे.

एकांताचंही तसंच. अभंगात 'एकांताचा वास' रुचतो, पण पहाटे पाच वाजता सुनसान टेकडीवर एकटीने जाणं किती जणींना रुचेल? मागून येणाऱ्या पावलांकडे कान लावून चालायचं तर दाबून धरण्याचं काम दुप्पट होतं. अशा वेळी वर्दळीची बाग बरी, किंवा न बोलता चालणारी मैत्रीण.

किती वेळ? इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर बेतलेला अभ्यास २०१९ मध्ये आला. आठवड्यात १२० मिनिटं किंवा अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांत तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं सांगणारे लोक जास्त होते. सगळा वेळ एका दमात घालवला की तुकड्यातुकड्याने, याने फरक दिसला नाही. स्वतःच्या घरची बाग त्यात धरलेली नव्हती. अर्थात तब्येत धड असलेली माणसंच जास्त बाहेर पडत असतील, ही शक्यता उरतेच. तरीही दिवसाची पंधरा-वीस मिनिटं हा आकडा परवडणारा आहे. वर्षातून एकदा पावसाळ्यात, पाठीला ब्लूटूथ स्पीकर लावून, धबधब्याखाली सेल्फीसाठी रांग लावण्यापेक्षा नक्कीच. त्या गर्दीतही मजा येते, नाही असं नाही, पण आत कोणाला बोलायला मिळत नाही.

माझं मत विचाराल तर जागा एकच ठेवावी. नवी नवी ठिकाणं पाहायला गेलं की पाहण्याचंच काम होऊन बसतं. पुण्यात वेताळ टेकडी, मुंबईत माहीमचं निसर्ग उद्यान, नाहीतर कॉलनीतला एक बहावा. तोच बहावा मार्चमध्ये पानं गाळतो, एप्रिल-मेमध्ये पिवळा होतो, पुढे काळ्या शेंगा लोंबवतो. त्याच्याखाली गेल्या वर्षी काय घोकत होतो ते आठवतं आणि या वर्षीच्या घोकण्याशी ताडून पाहता येतं. फोन खिशात ठेवला तरी चालेल, फोटो मात्र काढू नये. फोटो म्हटला की तो कोणाला तरी दाखवायचा असतो, आणि दाखवायचं म्हटलं की गुण-दोष लगेच अंगाला येतात.

आणि झोप उडून आठवडे झालेत, जेवण जात नाही, जगणं नको वाटतंय, अशी अवस्था असेल तर तिथे आवाज एकमेकांशी वाद घालण्याच्या स्थितीतच नसतात. तेव्हा आधी डॉक्टरकडे जावं. टेकडी त्या उपचाराला पर्याय नाही. गोळ्या चालू ठेवून टेकडीवर जाता येतं.